लंडनची एक जुनी पांथशाळा

ज्या घरांतील मुलगा अथवा मुलगी विद्येसाठीं किंवा नोकरीसाठीं विलायतेस गेलेली आहे, त्या घरांत 'पब' हा शब्द आतां अनोळखी राहिलेला नाहीं. शुक्रवारीं रात्रीं निजण्यापूर्वीं दूरध्वनि केला, तर "कचेरींतील मंडळींबरोबर पबांत आहें, उद्यां बोलतों," एवढेंच उत्तर येतें, आणि इकडे आईची झोंप उडते. तिच्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें आपल्या गांवाबाहेरील देशी दारूचें दुकान: एक खिडकी, खिडकीला जाळी, आणि तोंडावर रुमाल ओढून घाईनें येणारीं-जाणारीं माणसें. त्या दुकानाला आणि या इंग्रजी संस्थेला 'गुत्ता' हें एकच नांव देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु जेथें आपलीं मुलें आठवड्यांतून एकदां बसतात तें ठिकाण कसें आहे, तेथें काय चालतें, आणि आपलें व्रत राखून तेथें बसतां येतें कीं नाहीं, याचा विचार पुरती माहिती करून घेऊनच करणें हें वडीलधाऱ्यांचें कर्तव्य आहे. त्याच बुद्धीनें हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखकाचा भाचा लंडनमध्यें अभियंता आहे. गेल्या ज्येष्ठांत त्याच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. निघतांना बहिणीनें बेसनाच्या लाडवांचा डबा हातीं दिला आणि एवढेंच सांगितलें, "दादा, तो शुक्रवारीं कोठें जातो तें तूं एकदां स्वतः पाहून ये. मग तूं म्हणशील तें मी ऐकेन." लंडनांत पोहोंचल्यावर दोन दिवसांनीं मीं भाच्याला सरळच म्हटलें, "मला तुमचा पब पाहावयाचा आहे." तो क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "मामा, पाहायचाच तर जुना पाहूं. जेथें पिंपांतली एल अजून हातानें ओढून देतात, तिथें नेतों तुम्हांला."

टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर सदर्क नांवाचा जुना भाग आहे. लंडन ब्रिज स्थानकांतून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटनें थोडें दक्षिणेस गेलें म्हणजे डाव्या हातास एक दरवाजा लागतो, आणि त्यांतून आंत गेल्यावर एका फरसबंद चौकांत 'जॉर्ज इन' ही इमारत उभी आहे. काळ्या-पांढऱ्या रंगाची, पुढें एकावर एक लांकडी सज्जे असलेली ही वास्तु प्रथमदर्शनीं एखाद्या जुन्या वाड्याची आठवण करून देते. या जागीं पूर्वीं असलेली पांथशाळा १६७६ च्या आगींत भस्मसात् झाली आणि १६७७ मध्यें पुन्हां बांधण्यांत आली. म्हणजे श्रीशिवछत्रपति दक्षिणेच्या मोहिमेवर होते त्या वर्षींची ही इमारत. घोड्यांच्या डाकगाड्या या चौकांत येऊन थांबत, उतारू वरच्या खोल्यांत निजत, आणि घोडे बदलून गाड्या पुढें जात. रेल्वे आली आणि डाकगाड्या संपल्या. चौकाच्या तीन बाजूंपैकीं दोन बाजू रेल्वे कंपनीनें १८८९ च्या सुमारास पाडून टाकल्या. उरलेली एक बाजू १९३७ पासून 'नॅशनल ट्रस्ट' या जुन्या वास्तु जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे. सज्ज्यांनीं युक्त अशा जुन्या डाकगाडी-पांथशाळांपैकीं लंडनांत ही एकच शिल्लक आहे.

या रस्त्याला आणखी एक मान आहे. चौदाव्या शतकांतील इंग्रज कवि चॉसर याच्या प्रसिद्ध काव्यांतील यात्रेकरू कॅन्टरबरीच्या वाटेला लागण्यापूर्वीं याच रस्त्यावरील 'टॅबर्ड' नांवाच्या पांथशाळेंत जमतात, आणि वाटेनें एकमेकांस कथा सांगत जातात. ती 'टॅबर्ड' आज नाहीं. पण तिची जागा 'जॉर्ज'च्या अगदीं शेजारीं. नामदेव महाराजांच्या समाधीनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं रचलेलें हें काव्य. औंढा नागनाथासारख्या क्षेत्रीं ज्याचें आयुष्य गेलें, त्याला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटते. देवाच्या वाटेवर मुक्काम हवा. मुक्कामाला पाणी, अन्न, निवारा आणि गोष्टी सांगणारा सोबती हवा. आमच्या इकडे त्यांतून धर्मशाळा निर्माण झाली, त्यांच्याकडे पांथशाळा. फरक एवढाच पडला कीं, थंड देशांतल्या त्या मुक्कामांत पाण्याच्या जागीं एल आली. आणि यात्रा ओसरल्यावर त्यांची पांथशाळा गांवाची बैठक म्हणून टिकली. 'पब' हें 'पब्लिक हाउस' याचेंच आंखूड रूप. त्याचा अक्षरशः अर्थ 'सार्वजनिक घर'. या दोन शब्दांपैकीं 'घर' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

आंत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही कीं, डोकें सांभाळावें लागतें. तुळया खालीं आलेल्या, जमीन ठिकठिकाणीं कललेली, खोल्या लहान आणि एकींतून दुसरींत उघडणाऱ्या. एका भिंतीवर मोठें जुनें घड्याळ आहे. १७९७ मध्यें पिट प्रधानानें घड्याळांवर कर बसविला, तेव्हां लोक खिशांतलीं घड्याळें बाळगीनातसे झाले. मग पांथशाळावाल्यांनीं गिऱ्हाइकांच्या सोयीसाठीं भिंतीवर मोठालीं घड्याळें लावलीं, असें या घड्याळांविषयीं सांगतात. तो कर वर्षभरांतच रद्द झाला. घड्याळ मात्र राहिलें.

सायंकाळचे सात वाजले होते, पण बाहेर आपल्याकडील चारच्या वेळेइतकें ऊन होतें. एका मेजाशीं तीन पिढ्यांचें कुटुंब जेवत होतें. दुसरीकडे दोन वृद्ध स्त्रिया गप्पा मारीत होत्या, आणि त्यांच्या पायांशीं एक कुत्रें निजलें होतें. वाढपी नाहीं, ज्याला जें हवें त्यानें ओट्याशीं जाऊन मागावें, तेथेंच पैसे द्यावेत आणि आपलें पात्र आपण आणावें. ओट्यापुढें रांग दिसत नाहीं, तथापि कोण आधीं आला हें प्रत्येकास ठाऊक असतें, आणि नंतर आलेल्याला आधीं विचारलें तर तो स्वतःच "यांची पाळी" म्हणून बोट दाखवितो. चौघे मित्र आले तर एक जण चौघांचें आणतो, पुढच्या खेपेस दुसरा. याला 'राउंड' म्हणजे फेरी म्हणतात. फेरी चुकविणारा मनुष्य मंडळींतून उतरतो. फेरींत मद्यच घेतलें पाहिजे असा मात्र नियम नाहीं. मीं आयुष्यांत मद्याला स्पर्श केलेला नाहीं, तेथेंहि केला नाहीं. लिंबाचा रस घातलेलें सोडावॉटर मागितलें, आणि देणाऱ्यानें तें इतक्या सहज दिलें कीं त्यांत विशेष कांहीं आहे असें कोणास वाटलेंहि नाहीं.

भाच्याचा एक इंग्रज सहकारी आमच्याबरोबर होता. वय साठीच्या जवळ, स्वभाव अबोल. परंतु 'रिअल एल' हा विषय निघतांच त्याची वाणी मोकळी झाली. त्यानें सांगितलेलें आणि मागाहून मीं वाचून पडताळलेलें असें मिळून थोडक्यांत देतों.

एल हें मूळचें जवाचें पेय. जवाला मोड आणावयाचे, ते वाळवून भाजावयाचे, भरडून ऊन पाण्यांत भिजवावयाचे, म्हणजे धान्यांतील पिष्टाची साखर होते. आपल्या घरीं बाळासाठीं नाचणीला मोड आणून सत्त्व करितात, त्याची पहिली अर्धी कृति हीच. पुढें त्या गोड काढ्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून उकळतात, निववून त्यांत किण्व मिसळतात, आणि तें किण्व साखर खाऊन मद्यार्क व वायु उत्पन्न करितें. येथपर्यंत पुष्कळशा बिअरींचें कूळ एकच. भेद पडतो तो यानंतर. एक प्रकार कारखान्यांतच गाळून, बहुधा तापवून, आंतील किण्व निर्जीव करून, वरून दाबाचा वायु भरून पाठवितात. दुसऱ्यांत किण्व जिवंत ठेवितात, आणि तो पबच्या तळघरांत पोहोंचल्यावरहि पिंपांत मुरतच असतो. या दुसऱ्या प्रकारालाच 'रिअल एल' म्हणजे खरी एल म्हणतात. जिनें घरचें विरजण वर्षानुवर्षें राखलें आहे, त्या गृहिणीला हा भेद चटकन् समजेल: एकांत जीव आहे, दुसऱ्यांत नाहीं.

जिवंत वस्तूला सांभाळणारा लागतो. पिंप आलें कीं तें तळघरांत आडवें ठेवून हलूं न देतां स्वस्थ राहूं देतात. तळघराचें उष्णमान १२ अंशांच्या आसपास राखावें लागतें. पिंपाच्या वरच्या भोंकांत आधीं सच्छिद्र लांकडाची मऊ खुंटी ठोकतात, म्हणजे जादा वायु हळूहळू निघून जातो. मग कठीण खुंटी ठोकून उरलेला वायु आंत कोंडतात. केव्हां मऊ खुंटी काढावी, केव्हां कठीण ठोकावी, हें पुस्तकापेक्षां हातालाच अधिक कळतें. 'फर्किन' नांवाच्या नेहमींच्या पिंपांत ९ गॅलन म्हणजे ७२ पिंट एल मावते. एक पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. पिंप एकदां सुरू केलें म्हणजे तीन दिवसांच्या आंत संपावें, नाहीं तर हवा लागून एल आंबूस होते. ओट्यावर जे लांब दांडे दिसतात ते हातपंप. दांडा ओढला कीं तळघरांतील एल नळीनें वर येते. ती फारशी फेसाळत नाहीं, बर्फासारखी गारहि नसते, आणि सामान्यतः तिच्यांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ४ च्या आसपास असतें.

येथें आपल्या घरांतील मुलांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट सांगतों. एल नितळ दिसावी म्हणून तिच्यांत 'आयसिंग्लास' नांवाचा पदार्थ घालण्याची जुनी रीति आहे, आणि तो माशाच्या शरीरांतील वायूच्या पिशवीपासून काढतात. धान्याचें पेय म्हणून जो तिला शाकाहारी समजेल, त्यानें हें लक्षांत घ्यावें. अलीकडे कित्येक उत्पादक तो पदार्थ वगळतात. पण पात्राकडे पाहून तें ओळखतां येत नाहीं, विचारावें लागतें.

ही खरी एल साठ वर्षांपूर्वीं मरणपंथास लागली होती. मोठमोठ्या कंपन्यांनीं लहान लहान एल-कारखाने विकत घेतले, आणि जिला सांभाळावें लागत नाहीं अशी निर्जीव बिअर देशभर एकाच चवीनें पाठविण्यास प्रारंभ केला. तळघर राखण्याची कला विसरली जाऊं लागली. तेव्हां १९७१ मध्यें आयर्लंडांत सुटीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनीं गप्पांच्या ओघांत खऱ्या एलच्या रक्षणासाठीं एक संघ काढला. आज तो 'कॅम्रा' या आद्याक्षरांनीं ओळखला जातो. त्यांच्यापाशीं भांडवल नव्हतें, सत्ता नव्हती. त्यांनीं सभा भरविल्या, पत्रकें छापलीं, कोणत्या गांवीं कोणत्या पबांत चांगली एल मिळते याची मार्गदर्शिका १९७४ पासून पुस्तकरूपानें काढली, आणि लोकांनीं आग्रहानें तीच मागावी असा प्रचार केला. आज त्या संघाचे लाखाहून अधिक सभासद आहेत, आणि देशांत शेंकडों लहान कारखाने पुन्हां उभे राहिले आहेत. ज्या वस्तूकरितां हा खटाटोप झाला ती आपल्याला वर्ज्य असली, तरी खटाटोपाची रीति वर्ज्य नाहीं.

आतां शास्त्राकडे वळूं. मनुस्मृतींत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत. पैष्टी म्हणजे धान्याच्या पिठाची. तेव्हां जॉर्ज इनच्या तळघरांत मुरणारी एल ही शास्त्रीय परिभाषेंत निःसंशय पैष्टी होय, आणि सुरापान हें पंच महापातकांत गणलेलें आहे. कचाची राख सुरेंत मिसळून शुक्राचार्यांस पाजली गेली, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनीं ब्राह्मणाच्या सुरापानावर शाप उच्चारला, ही आदिपर्वांतील कथा आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे. 'विलायतेची एल म्हणजे निराळें कांहीं आहे' असें म्हणून या निषेधांतून सुटतां येणार नाहीं.

परंतु त्याच प्राचीनांस हें पेय करण्याची विद्या मात्र पूर्ण अवगत होती. सौत्रामणी यागांत सुरा लागते, आणि ती करण्यास मोड आणलेलें धान्य, लाह्या आणि 'नग्नहु' नांवाचें किण्व सांगितलें आहे; अमरकोशांतहि किण्व आणि नग्नहू हे पर्याय म्हणून येतात. कौटिलीय अर्थशास्त्रांत तर सुराध्यक्ष या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. हा ग्रंथ शतकानुशतकें लुप्त होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ मध्यें तो छापून प्रसिद्ध केला, आणि पुढें मुंबई विद्यापीठासाठीं रा. प. कंगले यांनीं त्याची संशोधित आवृत्ति सिद्ध केली. त्यांत पानागार कसें असावें हें सांगतांना कौटिल्य अनेक खोल्या, वेगवेगळीं आसनें व शय्या, गंध, माळा, पाणी आणि ऋतूनुसार सुख असावें असें म्हणतो. मद्य तेथेंच बसून घ्यावें. बाहेर न्यावयाचें तर थोडें, आणि तेंहि ज्याचें शील ठाऊक आहे त्यानेंच. तेथें झोंपी गेलेल्या गिऱ्हाइकाचे अलंकार गेले तर भरपाई व्यापाऱ्यानें करावी. उत्सव आणि यात्रा यांच्या वेळीं चार दिवसांची सवलत आहे. इंग्लंडांत न्यायाधिकाऱ्यांच्या परवान्यावांचून एलघर चालवूं नये असा कायदा १५५२ मध्यें झाला. आमच्याकडे त्याच्या कितीतरी शतकें आधीं हा विचार झालेला होता. आणखी एक साम्य पाहा. जुन्या इंग्लंडांत एल तयार झाली म्हणजे घरावर काठीला झुडूप बांधून लावीत, आणि त्याच चालींतून पुढें पबांवरील चित्रफलक आले असें सांगतात; मनुस्मृतींत सुरा विकणाऱ्याला त्याच्या ध्वजावरून 'ध्वजवान्' म्हटलें आहे.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा: प्राचीनांनीं पेयाचा निषेध आणि पानागाराची व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या. ज्याला वर्ज्य त्याला वर्ज्य; पण जेथें तें चालणार तेथें उजेड असावा, आसन असावें, देखरेख असावी, आणि मनुष्यानें मनुष्यासारखें बसावें. आमच्या गांवाबाहेरील दुकानांत यांपैकीं एकहि गोष्ट नाहीं. तेथें बसण्यास जागा नाहीं, म्हणून बोलणें नाहीं. बोलणें नाहीं, म्हणून घाई. आणि घाईचें फळ घरीं बायको-मुलांना भोगावें लागतें. महाराष्ट्रांत गांवोगांवच्या स्त्रियांनीं मतदान करून 'आडवी बाटली' निवडली आणि दुकानें बंद पाडलीं, गडचिरोलींत १९९३ मध्यें जिल्हाभर दारूबंदी झाली, यामागें त्या भोगाचाच इतिहास आहे.

इंग्लंडांतील चित्र सर्वस्वीं उजळ आहे असेंहि कोणी समजूं नये. अठराव्या शतकांत स्वस्त जिन दारूनें लंडनच्या गरीब वस्त्यांची जी दुर्दशा केली, ती हॉगार्थ या चित्रकारानें १७५१ मध्यें रेखाटून ठेविली आहे. संपूर्ण मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेण्याची चळवळ त्याच देशांत, प्रेस्टन शहरीं १८३२ मध्यें, सुरू झाली. आणि आजहि, २०२३ या एका वर्षांत, त्या राष्ट्रांत केवळ मद्यामुळें दहा हजारांहून अधिक माणसें दगावलीं. 'सार्वजनिक' हा शब्दहि तेथें नेहमींच खरा होता असें नाहीं. श्रमिकांची खोली निराळी आणि प्रतिष्ठितांची निराळी असे. आणि १९६५ च्या कायद्यापूर्वीं काळ्या-सांवळ्या माणसास दारांतूनच परत पाठविणारे पब पुष्कळ होते. आमच्या धर्मशाळांतूनहि जातीजातींच्या जागा ठरलेल्या असत, हें विसरून त्यांना हंसण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. घर सार्वजनिक करावें लागतें. तें आपोआप होत नाहीं.

आतां ज्या प्रश्नासाठीं मी गेलों होतों, त्याकडे येतों. सहकारी ओट्याशीं गेला असतां भाचा हळूच म्हणाला, "मामा, खरें सांगतों. पहिलीं दोन वर्षें मी इथें तुमच्यासारखाच लिंबू-सोडा घेत असें. कुणी कधीं हंसलें नाहीं. नंतर आपणहून अर्धा पिंट घेऊन पाहिला. आतांहि कधीं कधीं घेतों. आईला सांगितलेलें नाहीं." मीं त्याला विचारलें, "मग इथें येतोस तो कशासाठीं?" तो म्हणाला, "कचेरींत दिवसभर कामाचेंच बोलतात. इथें आलों म्हणजे कोणाची आई आजारी आहे, कोणाचें घर विकायचें आहे, तें कळतें. पहिल्या हिंवाळ्यांत चार वाजतां अंधार पडायचा. या मेजावर बसलों नसतों तर मी परत आलों असतों."

अठरा वर्षांचे मोहनदास गांधी १८८८ मध्यें विलायतेस निघाले तेव्हां मद्य, मांस व स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनीं मातेपाशीं केली होती. बॅरिस्टरीच्या भोजनांस त्यांना बसावें लागे, आणि चौघांच्या मेजावर मद्याच्या दोन बाटल्या येत. गांधी घेत नसल्यानें उरलेल्या तिघांचा वांटा वाढे, म्हणून आपल्या मेजावर त्यांनाच बसवावें अशी चढाओढ असे, असें त्यांनींच आपल्या आत्मकथेंत गमतीनें सांगितलें आहे. ते पंक्तींतून उठून गेले नाहींत, आणि व्रतहि मोडलें नाहीं. ही गोष्ट मीं भाच्याला सांगितली. "तूं पबांत बसतोस याला माझी हरकत नाहीं," मीं म्हटलें. "पात्रांत काय घेतोस त्याला मात्र आहे, आणि ती मी झांकणार नाहीं. पण त्याहून मोठी गोष्ट ती, जी तूं आईला सांगितली नाहींस. मी तिला या घराचें वर्णन करीन; पात्राची गोष्ट तूं सांगावयाची." पुढच्या रविवारीं त्यानें आईला दूरध्वनि केला. बोलणें बराच वेळ चाललें होतें. काय झालें तें मीं दोघांनाहि विचारलें नाहीं, परंतु परत आल्यावर बहिणीनें एवढेंच म्हटलें, "त्यानें आपल्या तोंडानें सांगितलें, हें बरें झालें. आतां तो शुक्रवारीं उचलत नाहीं तेव्हां मला झोंप लागते."

त्या सायंकाळीं निघण्यापूर्वीं इंग्रज सहकाऱ्यानें मला एक प्रश्न विचारला. "तुमच्या गांवीं पब नसेल. मग लोक बसतात कोठें?" मीं त्याला नागनाथाच्या देवळाचें सांगितलें: यादवकालीन कोरीव काम, जमिनीखालचा गाभारा, त्यांत उतरण्याचा अरुंद जिना, नामदेवांना येथेंच विसोबा खेचर हे गुरु भेटले, आणि कीर्तनाला अडविलें तेव्हां देऊळच नामदेवांकडे फिरलें अशी कथा. मारुतीपुढच्या पाराचें सांगितलें. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "आणि रोज सायंकाळीं तेथें कोण येतें?"

त्याचे स्वतःचे पब ओस पडत आहेत, म्हणून त्यानें हें विचारलें होतें. पंचवीस वर्षांपूर्वीं त्या देशांत साठ हजारांच्या घरांत पब होते, आज ते पंचेचाळीस हजारांच्या घरांत आहेत. तेथील लोक स्वस्थ बसलेले नाहींत. २०११ च्या एका कायद्यानें गांवकऱ्यांना आपला पब 'समाजाची ठेव' म्हणून नोंदवितां येतो, म्हणजे मालक तो विकूं लागल्यास वर्गणी जमवून विकत घेण्यासाठीं गांवाला मुदत मिळते. कित्येक गांवांनीं आपले पब असे राखले आहेत. आमचे पार कोणी विकावयास काढलेले नाहींत, म्हणून ते गेले हें आपल्या लक्षांतहि येत नाहीं. कोठें पारावर मोटारसायकली उभ्या असतात, कोठें जाहिरातीच्या फळ्या. सणावाराला देऊळ फुलतें. परंतु रोजच्या सायंकाळीं, कांहीं कारण नसतांना, शेजाऱ्याच्या शेजारीं जाऊन बसण्याची जागा कोणती, याचें उत्तर मला त्या गृहस्थास सावकाश आणि शब्द निवडून द्यावें लागलें.

औंढ्याजवळ दुधाळा येथें गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा उभी राहावयाची आहे. तिच्यासाठीं केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. उद्यां तेथें देशोदेशींचे विद्वान् येतील. त्यांतील एखादा सायंकाळीं कामावरून सुटल्यावर गांवांत येऊन हाच प्रश्न विचारील. त्याला दारूचें दुकान दाखवावयाचें नसेल, तर दुसरें कांहीं दाखवितां आलें पाहिजे: झाडून ठेवलेला एक पार, त्यावर दिवा, पिण्याचें पाणी, दोन वर्तमानपत्रें, शेजारीं चहाची किटली, आणि जेथें स्त्रियांना व कोणत्याहि जातीच्या माणसाला संकोचावांचून बसतां येईल अशी बैठक. याला मोठा निधि लागत नाहीं. इंग्लंडांत चौघांनीं आरंभ केला होता. आपल्या गांवांतहि रोज सायंकाळीं सहा वाजतां नियमानें पारावर येऊन बसणारे चौघे मिळाले, तर आरंभाला तेवढे पुरेत.